नावेतली बाई थांबली तेव्हा

माझ्या वडिलांनी आयुष्यभर सिनेमे लोकांच्या पाठीमागून पाहिले. हैदराबादेत चिक्कडपल्लीजवळच्या एका थिएटरात ते ऑपरेटर होते. ऑपरेटरच्या खोलीला वीतभर काचेची एक खिडकी असते, तिच्यातून पडदा दिसतो. खोलीत मशीनची घरघर अशी, की संवाद त्यांना कधी धड ऐकू यायचेच नाहीत. एखादं गाजलेलं वाक्य आम्ही भावंडांनी घरी ठसक्यात म्हणून दाखवलं, की ते नवल करत विचारायचे, असं म्हणतो होय तो? महिनोन्महिने चालवलेल्या सिनेमाची गोष्ट त्यांनी ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून स्वतःच जुळवलेली असायची, आणि पुष्कळदा ती खऱ्या गोष्टीपेक्षा बरी असायची.

खाली बसलेल्या माणसांची त्यांना फक्त डोकी दिसायची. चेहरे दिसायचे ते चित्र अडकलं तरच. फिल्म मशीनमध्ये अडकली, की दिव्याच्या आचेनं ती लगेच जळायला लागते. पडद्यावर नायिकेच्या गालावर एक तपकिरी बुडबुडा येतो आणि पसरत जातो. मग अख्खं थिएटर मागे वळतं, उजेडाच्या त्या भोकाकडे बघून शिट्ट्या मारतं आणि ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतं. लोक माझ्याकडं बघतेत तवा माझं कायतरी चुकलेलं असतंय, असं बाबा म्हणायचे. त्यात तक्रार नव्हती. तो त्यांच्या कामाचा भाग होता.

कामाची आणखी एक खोड त्यांना लागली होती. रीळ संपत आलं, की पडद्याच्या उजव्या हाताला वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका उमटतो. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. प्रेक्षकांना तो ठिपका जन्मात दिसत नाही. बाबांना मात्र दुसरं काही दिसायचं नाही. घरी टीव्हीवर बातम्या लागल्या तरी त्यांची नजर बातम्या देणाऱ्या बाईवर नसायची, वर कोपऱ्यात असायची. आई म्हणायची, ह्यांच्यासारखा सज्जन नवरा शोधून सापडायचा नाही, बाई समोर असून बघत नाही.

हे सगळं मला आठवतं ते एका जपानी कार्टून सिनेमामुळे. त्या सिनेमात एका जागी, बऱ्याच वेळापर्यंत, काहीच हलत नाही. तो सिनेमा अमेरिकेतल्या थिएटरांत लागायचा होता, आणि तिथं जाताना त्यातली ती स्तब्धता राहणार की जाणार, हे काही दिवस माझ्या टेबलावर येऊन पडलं होतं. मी तेव्हा पंचविशीतली पोर. असला निवाडा माझ्याकडे का यावा, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

आम्ही मूळचे उदगीरकडचे. शेती काकांकडे राहिली आणि बाबा तरुणपणीच हैदराबादला आले, ते सिनेमाच्या नादानं. घरात आमची मराठी अशी, की पुण्याचे पाहुणे आले की गालातल्या गालात हसायचे. होकाराचा हौ, नक्को, परेशान, हे शब्द आम्हाला मराठीच वाटायचे. नव्वदचं दशक आलं आणि गल्लीत केबलची वायर आली. आधी मॅटिनीची गर्दी गेली, मग फर्स्ट शोची. एक दिवस थिएटरच्या मालकानं पडदा उतरवला आणि त्या जागी दुकानांची इमारत उभी केली. जिथं बाबांची खोली होती, साधारण त्याच उंचीवर तिथं आता कॉम्प्युटरचा क्लास भरायचा. माझ्या दादानं दिलसुखनगरच्या असल्याच एका क्लासात शिकून अमेरिका गाठली. घरातून एक माणूस विमानानं गेला, एक माणूस खुर्चीत बसला.

खुर्ची बाल्कनीच्या दारात होती. बाबा तिच्यात बसायचे आणि बसूनच राहायचे. रेडिओ नाही, पेपर नाही, शेजाऱ्यांशी गप्पा नाहीत. आई भाजी निवडता निवडता सांगायची, हे माणूस बंद पडलंय. मामानं त्यांना एसटीडी बूथवर बसवायचा घाट घातला. दादा फोनवरून मॉर्निंग वॉकची महती गायचा. मीही कमी नव्हते, येता-जाता त्यांना काहीतरी काम सांगायचे, रिमोटची बॅटरी बदला, कुकरची शिट्टी बघा. बंद पडलेल्या वस्तूला माणूस दोन चापट्या मारून बघतो, तसं आमचं चाललं होतं.

मी फाइन आर्ट्स करून एका ॲनिमेशन कंपनीत लागले होते. अमेरिकेतल्या मुलांच्या टीव्हीवर जी कार्टून लागायची, त्यातली पुष्कळशी चित्रं हैदराबादेत बसून आम्ही काढायचो, हे मी स्वतः तिथं लागेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. तिकडचे लोक मुख्य पोझ पाठवायचे. खार झाडावर, खार जमिनीवर. मधली सगळी खार आमची. काचेखाली दिवा लावलेलं टेबल, त्यावर कागद, कागदावर दुसरा कागद, आणि दोन चित्रांच्या मधलं तिसरं चित्र. पहिल्यांदा माझी खार पडद्यावर उडी मारताना बघितली, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. मी काढलेल्या रेघांना वजन आलं होतं. ती खार खाली आली तेव्हा फांदी हलली, आणि फांदीसुद्धा मीच काढली होती.

आमच्यावर देखरेखीला अमेरिकेहून एक बाई आल्या होत्या. मला नावानं हाक मारा, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, पण आमच्यातल्या एकाचीही जीभ रेटेना. तेलुगू पोरं त्यांना आदरानं मॅडमगारू म्हणायची, तेच सगळ्यांनी उचललं. मॅडमगारूंचा एकच नियम होता. पात्र नुसतं उभं असलं तरी ते हललं पाहिजे. श्वास घेऊ दे, पापणी लवू दे, केसांची बट उडू दे. चित्र थांबलं की ते मेलं, असं त्या म्हणायच्या. मला हा नियम शंभर टक्के पटायचा. ऑपरेटरच्या घरातली मुलगी मी, चित्र थांबलं की काय होतं हे मी लहानपणापासून ऐकत आले होते.

मग तो जपानी सिनेमा आला. एका अमेरिकन कंपनीनं तो तिथल्या थिएटरांत लावायला घेतला होता. इंग्रजी संवादांप्रमाणे पात्रांचे ओठ नव्यानं काढायचे आणि जिथं जिथं सिनेमा “झोपतो” तिथं जरा जीव भरायचा, असं काम आमच्याकडे आलं. झोपतो हा त्यांचाच शब्द. काम वाटण्याआधी मॅडमगारूंनी सगळ्यांना बसवून तिथल्या थिएटरांची गोष्ट सांगितली. तिकडे कार्टून म्हटलं की आई-बाप लहान मुलांना घेऊन येतात. म्हणजे सिनेमा कसा आहे हे ठरवणारा माणूस चार-पाच वर्षांचा असतो. तो चुळबुळला की अख्खं घर उठून जातं. थिएटरवाले पहिल्या शनिवार-रविवारची गर्दी बघतात, नसली तर पुढच्या शुक्रवारी पडदा दुसऱ्याचा. जपानी सिनेमे तिथं चालतातही, पण कॉलेजातली पोरं आधीपासून त्यांच्या कॅसेटी बघून वेडी झालेली असतात, तीच घोळक्यानं येतात. बाकीच्यांना कळतच नाही की चित्रातली माणसं अशी गप्प का बसतात.

आम्ही मान डोलावली. आमच्याकडेही गोष्ट वेगळी नव्हती. गाण्याविना दहा मिनिटं गेली की आमचे प्रेक्षक तंबाखू मळायला बाहेर जात.

माझ्या वाट्याला शेवटाकडचा भाग आला. संपूर्ण सिनेमा पाहिल्याशिवाय मला हात लावायचा नव्हता, म्हणून मॅडमगारूंनी सीडीवर काढून घरी न्यायला दिला. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी तो लावला. आमचा प्लेअर कोठीच्या बाजारातून आणलेला. त्याच्यावर दोन-तीन कंपन्यांची नावं होती आणि आतला माल चौथ्याच कुणाचा तरी. सीडी अडकणं हा त्याचा स्वभाव होता. मग सीडी काढायची, बनियनला पुसायची, परत घालायची. हैदराबादेत तेव्हा घरोघरी हेच चालायचं. सीडी पुसायचं बनियन प्रत्येक घरात वेगळं ठेवलेलं असे.

सिनेमा जपानीत, खाली एक अक्षर नाही. आईनं दोन मिनिटांत लसूण सोलायला घेतला. बाबांना मी मुद्दाम हाक मारली नव्हती, पण खुर्चीतून टीव्ही दिसायचाच. गोष्ट साधी होती. एका नदीवर एक बाई नाव चालवते. गावातली माणसं, शाळेची मुलं, नवरीमुली, मढीसुद्धा तीच पैलतीरी नेते. एक बगळा अधूनमधून नावेच्या टोकावर येऊन बसतो. पुढे नदीवर पूल बांधायला घेतात. ती बाई पुलावर काम करणाऱ्या मजुरांनाही रोज नावेतून नेते. आणि एक दिवस पूल होतो, बँड वाजतो, सगळं गाव पुलावरून चालत जातं. ती नेहमीच्या वेळी येऊन नावेत बसते. वल्ह्यांवर हात ठेवते. कुणी येत नाही.

इथं चित्र थांबलं.

मी मनातल्या मनात प्लेअरला शिवी दिली. पण माझ्याआधी बाबा उठले. कित्येक महिन्यांत त्यांना इतक्या चपळाईनं हलताना मी पाहिलं नव्हतं. दोन ढांगांत ते टीव्हीजवळ पोचले, बटण दाबलं, सीडी बाहेर काढली आणि बनियननं पुसायला लागले.  इतकी वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर थांबलेलं चित्र म्हणजे जळलेलं चित्र होतं. सीडी परत घातली. थोडं मागून लावली. बाई आली, नावेत बसली, वल्ह्यांवर हात ठेवले, आणि चित्र परत त्याच जागी अडकलं. बाबांनी परत काढली. या वेळी तोंडाची वाफ देऊन पुसली. आई लसणातून मान वर न काढता म्हणाली, टाका तो डबा बाहेर.

तिसऱ्यांदा बाई नावेत बसली तेव्हा बाबांनी हात पुढे केला, आणि तो तसाच हवेत राहिला. ते वरच्या कोपऱ्यात बघत होते. मीही तिकडे बघितलं. उजव्या हाताला वर, जिथं रिळाचा ठिपका यायचा तिथं, नाव बांधायचा खांब होता, आणि खांबाची दोरी हळूच सैल पडत होती. मग ताणली जात होती. परत सैल. नदी जितकी ओढेल तितकीच. बाकी सगळं जिथल्या तिथं होतं. बाईची मान, तिची बोटं, कपाळावरचा रुमाल.

“रीळ चालूच हाय, पोरी,” बाबा म्हणाले. “बाई थांबली.”

ते तसेच टीव्हीसमोर जमिनीवर बसले. आम्ही ते दृश्य पूर्ण पाहिलं. ते किती लांब होतं हे मला सांगता येणार नाही. आईच्या हातातला लसूण कधी थांबला, तेही मला कळलं नाही. तेवढ्या वेळात ती बाई रडली नाही, हसली नाही, तिनं सुस्कारासुद्धा टाकला नाही, आणि तरी तिच्या आत काय चाललं होतं ते आमच्या तिघांच्या अंगावर येत होतं.  हे कुणीतरी कागदावर काढलं आहे, हे मी धंद्यातली असून मला खरं वाटेना. सिनेमा संपल्यावर बाबा खुर्चीत जाऊन बसले, रोजच्यासारखेच. मीच त्यांच्याकडे रोजच्यासारखं बघू शकले नाही. त्या दिवसानंतर मी त्यांना कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या नाहीत.

सोमवारी मॅडमगारूंनी माझ्या भागाच्या सूचना सांगितल्या. अमेरिकन कंपनीला नेमकं तेच दृश्य नको होतं. तिथं काहीतरी करा. बाईच्या डोळ्यांतून एक अश्रू, एक मोठा श्वास, जमल्यास बगळा येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवेल. नाहीतर थिएटरात लोकांना वाटेल मशीन बिघडलं, आणि ते पैसे परत मागायला जातील.

त्या दृश्याचं मूळ चित्र माझ्या टेबलावर आलं. एकच चित्र. बाकी सगळ्या दृश्यांची चवड हातात मावायची नाही, आणि याचा फक्त एक कागद, सोबत दोरीचे थोडे कागद. मी तो काचेवर ठेवून खालचा दिवा लावला. बाईचा अंगठा वल्ह्यावर किंचित तिरका होता, वर्षानुवर्षं तेच लाकूड धरल्यावर होतो तसा. नख अर्धं सावलीत. रेघ कुठंही दोनदा ओढलेली नव्हती. समुद्रापलीकडे कुणीतरी हे चित्र काढलं, आणि मग पेन्सिल खाली ठेवली. पुढचं चित्र काढलं नाही. एवढी छाती कुठून आणतात माणसं, हे मला समजेना. मी तर खारीचे दोन केस कमी काढायला घाबरायचे.

अश्रूचं काम सोपं होतं. डोळ्याच्या कडेला एक थेंब, फुगतो, ओघळतो, गालावर वाट करतो. असले अश्रू मी शेकड्यानं काढले होते. पेन्सिल टेकवली आणि उचलली. पुन्हा टेकवली. शेवटी उठून मॅडमगारूंच्या खोलीत गेले. इंग्रजी माझं बेतास बात, आणि घाबरल्यावर तेही उर्दूत शिरायचं. तरी मी त्यांना बाबांबद्दल सांगितलं. ते ऑपरेटर होते, चित्र थांबल्यावर ते कसे उठले, बनियन, कोपरा, दोरी, सगळं. आणि मला हे दृश्य बदलायचं नाही, हेही सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग जरा ओशाळून हसल्या आणि म्हणाल्या, की पहिल्यांदा बघताना त्यांनाही कॉम्प्युटर हँग झाला असं वाटलं होतं, त्यांनी कीबोर्ड आपटला होता. अमेरिकेतल्या कंपनीवाल्यांनीही हेच केलं असेल.

“पण थिएटरात आपटायला काही नसतं,” त्या म्हणाल्या. “तिथं माणूस फक्त मागे वळून बघतो.”

हे त्यांना कुठून कळलं, हे मी विचारलं नाही. मला एवढंच वाटलं, की म्हणजे तिकडेही लोक मागे वळतात. पळसाला पानं तीनच. माणसाचा मशीनवर जितका भरवसा, तितकाच वेळ तो थांबलेलं चित्र सोसतो, आणि मशीन जुनं असो की नवं, भरवसा त्याचा थोडाच असतो. जपानी सिनेमा अमेरिकेत का पडतो, यावर मॅडमगारूंनी आम्हाला जे काय सांगितलं ते सगळं खरं असेल. लहान मुलं, शनिवार-रविवार, कॅसेटी. पण मला त्या दिवशी वाटलं, की खरं कारण बाबांना ठाऊक आहे. लोकांना चित्राची भीती वाटत नाही, चित्र थांबण्याची वाटते.

मॅडमगारूंनी मला दोन्ही करायला सांगितलं. एक कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे अश्रूवालं, आणि एक माझ्या मनाप्रमाणे. माझ्या मनाप्रमाणे म्हणजे काय करायचं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. घरी येऊन बाबांना विचारलं.  ते म्हणाले, दोरी जरा ठळक कर, म्हणजे गाडी चालू हाय हे कळतंय. बाईला हात लावू नको. मग लगेच त्यांची खात्री डळमळली आणि ते म्हणाले, की मला काय कळतंय त्यातलं, मी मशीनवाला. मी दोरीच्या कागदांवर रेघ किंचित जाड केली आणि तिचा झोल बोटभर वाढवला. तेवढं करतानाही दुसऱ्याच्या देवघरात हात घातल्यासारखं वाटत होतं. बाईचा कागद मी पाकिटात परत ठेवला.

दोन्ही दृश्यं अमेरिकेला गेली. उत्तर यायला बरेच दिवस लागले, आणि त्या दिवसांत बाबा रोज मी आल्यावर माझ्या तोंडाकडे बघायचे. विचारायचे नाहीत. थिएटर बंद झाल्यापासून त्यांनी कशाची वाट पाहिल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते. आईच्याही ते ध्यानात आलं होतं. तिनं मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, ते लोक नाही म्हणाले तर घरी येऊन हौ म्हणून सांग, तुझ्या बापाला कोण अमेरिकेत जाऊन बघायला लावणार आहे.

खोटं सांगायची वेळ आली नाही. कंपनीनं दोरीवालं घेतलं. का घेतलं ते कधीच कळलं नाही. कदाचित अश्रूसोबत हुंदक्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करावा लागला असता, कदाचित त्यांच्यात कुणाचा तरी बाप ऑपरेटर असेल. फक्त त्या स्तब्धतेवर त्यांनी पियानो घातला. मूळ सिनेमात तिथं नुसती नदी होती. पियानोचं ऐकून माझं तोंड पडलं, पण बाबांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना सिनेमाचा आवाज असा कधी ऐकूच आला नव्हता.

मग त्यांनी मला दादाला फोन लावून द्यायला सांगितलं. महिन्याकाठी दादाचा फोन यायचा, तेव्हा बाबा हां, बरं, हौ एवढं बोलून आईकडे रिसिव्हर द्यायचे. या वेळी त्यांनी स्वतः सांगितलं, हा सिनेमा लागला की थिएटरात जाऊन बघ. सीडीवर नक्को. थिएटरात. दादा चक्रावला. त्याच्या गावात तो लागणारच नव्हता, मोटारीनं तास-दीड तास जावं लागणार होतं, वर ते कार्टून. पण बाबांनी त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. तो हो म्हणाला.

एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. तिकडे शनिवारची रात्र होती, तो नुकताच थिएटरातून आला होता. आई इडल्या काढत होती. आधी मी घेतला. सिनेमा पडला, दादा म्हणाला. हॉल पाव भरला असेल. बाहेरच्या पोस्टरवर नुसता बगळा, तोही दात काढून हसणारा. बगळ्याला दात कुठून आले कुणास ठाऊक. बगळा बघून दोन-चार कुटुंबं पोरं घेऊन आली होती, त्यातलं एक अर्ध्यातून उठून गेलं. मागच्या रांगेत काही कॉलेजची पोरं होती, ती मात्र खिळून बसली होती. पुढच्या आठवड्यात हा काही राहत नाही, असं तो म्हणाला.  मी त्याला ते दृश्य विचारणार, तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला. मी स्पीकरचं बटण दाबलं आणि रिसिव्हर त्यांना दिला.

“नावेत बाई बसती, तवा काय झालं?” त्यांनी विचारलं.

दादानं जरा आठवून सांगितलं. काही झालं नाही. ती बसली आणि बसूनच राहिली. एका लहान मुलानं मोठ्यानं आपल्या आईला विचारलं, की सिनेमा बंद पडला का.  नंतर ते पोरही गप्प झालं. दादा म्हणाला, मलाही वाटलं होतं बाबा, पण मग दोरी दिसली.

“कुणी मागं वळून बघितलं का?”

“नाही,” दादा म्हणाला. “कुणीच नाही. मी बघत होतो ना. सगळी डोकी पुढंच होती.”

 रिसिव्हर बाबांनी कानाला तसाच धरला होता. त्यांची मान हलली नाही, डोळे हलले नाहीत. तारेवर, अमेरिकेहून, दादाचा आवाज येत राहिला. हॅलो, बाबा, ऐकू येतंय का, हॅलो. आई इडलीचं भांडं हातात घेऊन दारात आली आणि तिनं घाबरून मला खूण केली, बघ, लाइन कटली वाटतं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या अंगठ्याजवळ रिसिव्हरची वेटोळ्याची वायर अगदी हळू ताणली जात होती आणि सैल पडत होती, त्यांच्या श्वासाबरोबर.

मी फोनवर वाकून दादाला म्हणाले, “ठेवू नको. लाइन चालूच हाय. बाबा थांबलेत.”